काळा बर्फ आणि मागचे चाक

मागच्या चाकांवर चालणारी, पुढे अवाढव्य इंजिन आणि मागे जवळजवळ रिकामी डिकी असलेली बलदंड अमेरिकी मोटार हिवाळ्यातल्या बर्फावर कशी हाकावी, या प्रश्नावर उत्तर अमेरिकेत गेली साठ वर्षे पोटतिडकीने चर्चा चालू असून तिच्यात वऱ्हाडचे मत अद्याप कोणी विचारलेले नाही. न विचारण्याचे कारण उघड आहे. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत बर्फ पडत नाही. अकोल्याची ख्याती तर नेमकी उलट असून मे महिन्यात तेथला पारा ४५ अंशांच्या वर गेला की बर्फ या शब्दाचा अर्थ रसवंतीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी एवढाच उरतो. तथापि मोटारीच्या दृष्टीने बर्फ ही वस्तू नसून अवस्था आहे, आणि ती अवस्था अशी की चाक फिरते, पण गाडी जात नाही. ही अवस्था वऱ्हाडात मृगापासून हस्तापर्यंत दरवर्षी भरपूर उपलब्ध असते. फरक एवढाच, की ती रंगाने पांढरी नसून काळी असते आणि आकाशातून पडत नाही, तर पायाखाली आधीपासूनच वाट पाहत असते.

पांढऱ्या प्रकाराचा अनुभव वऱ्हाडाला अगदीच नाही असे नव्हे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा २०१८ च्या फेब्रुवारीत विदर्भ-मराठवाड्यावर गारपीट झाली, तेव्हा शिवारात आणि रस्त्यांवर काही काळ पांढरा थर साचला आणि ‘काश्मीर अवतरले’ असे म्हणत लोकांनी मोबाइल बाहेर काढले. ज्याचा हरभरा त्या शुभ्रतेखाली आडवा झालेला असतो, तो मात्र छायाचित्र काढत नाही. थंड हवेच्या ठिकाणाचा मान असलेले चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंच असून तेथेही बर्फाचा योग नाही. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले म्हणून ‘कीचकदरा’ आणि त्याचे पुढे ‘चिखलदरा’, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते खरी, परंतु ऑगस्ट महिन्यात परतवाड्याहून घाट चढून गेलेल्या आणि वर पोचल्यावर गाडी रस्त्याकडेला लावण्याचे धाडस केलेल्या मोटारचालकाला नावातल्या पहिल्या तीन अक्षरांसाठी महाभारतापर्यंत जाण्याची गरज वाटत नाही.

‘मसल कार’ या संज्ञेचा शब्दशः अर्थ स्नायूंची गाडी असा असला तरी मराठीत तिला पहिलवान गाडी म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. मध्यम आकाराच्या साध्या मोटारीत मोठ्या मोटारीचे इंजिन कोंबावे आणि ते सारे बळ मागच्या दोन चाकांवर सोडावे, हे तिचे सूत्र. १९६४ सालच्या पाँटिॲक जीटीओ या गाडीपासून हा प्रकार रूढ झाला असे मानतात. तिचे इंजिन सुमारे ६.४ लिटरचे, म्हणजे वऱ्हाडातल्या खेड्यात अर्धा संसार जिच्यावर चालतो त्या स्प्लेंडरची पासष्ट इंजिने एकत्र केली तर जेवढे होईल तेवढे होते. फोर्ड कंपनीची मस्टँग त्याच वर्षी १७ एप्रिलला लोकांसमोर आली, आणि योगायोग असा की अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही १९६४ चेच. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तो पुढे, वऱ्हाडातला एखादा अभियंता मिशिगनमध्ये स्थिरावून पहिल्या बोनसमध्ये मस्टँग घेतो आणि पहिल्याच डिसेंबरात ती स्वतःच्या दारासमोरच्या चढावर आडवी करतो, तेव्हा जुळतो. स्नायूंचे महत्त्व अमरावतीला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. ज्या गावातील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून माणसे घडवीत आहे आणि ज्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, त्या गावाला हेही ठाऊक आहे की दंड कितीही भरलेले असले तरी पायाखालची माती धरून नसेल तर पहिलवान स्वतःच्याच जोराने पडतो. मोटारींच्या कारखानदारांना हे तत्त्व कळण्यास बरीच वर्षे लागली.

येथे घर्षणाचा थोडा विचार करणे भाग आहे. चाक जमिनीला जेवढ्या जोराने मागे रेटू शकते तेवढीच गाडी पुढे जाते, आणि ते रेटणे दोन गोष्टींवर अवलंबून असते: चाकावर पडलेला भार आणि चाक व जमीन यांच्यातील पकड. कोरड्या डांबरावर ही पकड चाकावरील भाराच्या सत्तर-ऐंशी टक्के भरते. दाबलेल्या बर्फावर ती वीस टक्क्यांच्या आसपास येते, आणि गोठलेल्या पाण्याच्या काचेसारख्या थरावर त्याहूनही खाली जाते. या पारदर्शक थराखालचे डांबर काळे दिसते म्हणून अमेरिकेत त्यालाच ‘काळा बर्फ’ म्हणतात, ही नामचोरी वऱ्हाडच्या लक्षात आलेली नसावी. कोरड्या रस्त्यावर गाडी जोरात सुटली की तिचे वजन मागे झुकते, मागची चाके जमिनीत रुतल्यासारखी दाबली जातात आणि मागच्या चाकांना ताकद देण्याची कल्पना मोठी बुद्धिमान ठरते. निसरड्यावर गाडी जोरात सुटतच नाही, म्हणून वजन मागे जात नाही, आणि वजन मागे जात नाही म्हणून गाडी सुटत नाही. भाकरी करण्यासाठी चूल पेटवावी आणि चूल पेटविण्यासाठी आधी भाकरी खावी, तशातला हा प्रकार.

वऱ्हाडातील काळ्या मातीला बर्फाची ही प्रतिष्ठा कशी लाभली, याचा इतिहास सुमारे साडेसहा कोटी वर्षे मागे जातो. त्या सुमारास दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर पसरले. त्यातून झालेला काळा खडक झिजत झिजत जी चिकणमाती तयार झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. फ्रान्समधल्या एका गावावरून हे नाव पडले असले तरी खनिजाचा स्वभाव अस्सल वऱ्हाडी आहे: पाहुणचार मिळाला की फुगायचे आणि दुर्लक्ष झाले की तडकायचे. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेले की ती आक्रसून तिला हातभर खोल भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत पडते आणि अशा रीतीने जमीन स्वतःच स्वतःला खालीवर करीत राहते. मृदाशास्त्रज्ञांनी या जातीला ‘उलटणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून व्हर्टिसॉल असे नाव दिले आहे. ते त्यांनी मातीकडे पाहून दिले. तिच्यावरून जाणाऱ्या वाहनांनाही ते लागू पडते हा भाग वेगळा. रस्ते बांधणारे अभियंते जमिनीचा कणखरपणा एका आकड्याने मोजतात, ज्यात फोडलेल्या दगडी खडीला १०० गुण दिलेले असतात, आणि भिजलेल्या काळ्या मातीला त्यात बहुधा दोन ते चार गुण मिळतात. या परीक्षेचे नाव कॅलिफोर्नियावरून पडले आहे. शंभरात तीन गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर जगातले उत्तम कापूस-तुरीचे शिवार उभे आहे, याचा उलगडा त्या परीक्षेत होत नाही; तो व्हावा म्हणून १९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन करावे लागले.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात या मातीचे एक विशेष उग्र रूप आढळते. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतील मोठ्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात, कारण तेथील भूगर्भातील पाणी खारट आहे आणि मातीतही क्षार आहेत. अमेरिकेतील उत्तरेकडील राज्ये हिवाळा आला की रस्त्यावर टनावारी मीठ पसरतात, जेणेकरून बर्फ वितळावा आणि चाकाला पकड मिळावी. मिठामुळे मोटारींचे पत्रे सडतात, तरीही ती राज्ये हा खर्च आनंदाने करतात. खारपाणपट्ट्यात हे काम निसर्गाने फुकट करून ठेवलेले आहे. दुर्दैवाने येथील क्षारांतले सोडियम नेमका उलटा परिणाम घडविते: त्याच्यामुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना धरून न राहता पाण्यात सुटे होतात, पाणी खाली मुरत नाही, आणि वर साबणाच्या फेसाइतका स्निग्ध असा काळा लेप तयार होतो. एकच मीठ डेट्रॉइटला चाक धरून ठेवते आणि दर्यापूरला सोडून देते.

या पार्श्वभूमीवर वऱ्हाडाने कोणती वाहने पसंत केली हे पाहिले तर अभ्यासक थक्क होतो, कारण ती जवळजवळ सगळी मागच्या चाकावर चालणारी होती. ॲम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी, जीप, ट्रॅक्स, कमांडर, १९९४ नंतरची सुमो, २००० नंतरची बोलेरो, राज्य परिवहन महामंडळाची लालपरी, ट्रॅक्टर, ऑटोरिक्षा आणि यच्चयावत मोटारसायकली यांच्यात इंजिन कोठेही असो, रेटण्याचे काम मागच्या चाकाकडेच. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तेव्हा पुढच्या चाकांनी गाडी ओढण्याची कल्पना नवी म्हणून वाखाणली गेली. वास्तविक बैलबंडी हे शुद्ध ओढीचेच वाहन असून तिच्यातील आठही पाय भारापुढे असतात, प्रत्येक पाय स्वतंत्रपणे उचलता येतो, आणि जमीन निसरडी आहे हे त्याला सांगावे लागत नाही. पण मोटारीच्या मोहात पडलेल्या पिढीने ओढीचे शास्त्र गोठ्यात बांधून ठेवले आणि रेट्याचे शास्त्र स्वीकारले. त्यातून जी अडचण उभी राहिली, तिच्यावर वऱ्हाडाने काढलेला तोडगा हे या लेखाचे मुख्य प्रमेय आहे.

अमेरिकेत बर्फ पडू लागला की मागच्या चाकांच्या गाडीचा मालक दुकानातून सुमारे २७ किलोच्या वाळूच्या पिशव्या आणून डिकीत, शक्य तितक्या बरोबर मागच्या आसावर, ठेवतो. रिकाम्या पार्श्वभागाला वजन मिळाले की चाके जमीन धरू लागतात, असा त्यामागचा विचार असून तो चुकीचा नाही. वऱ्हाडात याच तत्त्वाचा उपयोग ‘काळी-पिवळी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाहनाने केला. रंगावरून नाव पडलेली ही सामायिक भाड्याची जीप किंवा ट्रॅक्स असते, तिच्या मागच्या भागात समोरासमोर दोन लांब बाके असतात, आणि परवान्यावर लिहिलेली प्रवासीसंख्या ही तेथे कमाल मर्यादा नसून सुरुवातीचा प्रस्ताव मानली जाते. बाके भरली की मधली मोकळी जागा भरते, मग मागच्या पायरीवर तीन-चार जण लोंबतात, आणि वाहतूक पोलिसाला जो निव्वळ बेकायदा भार दिसतो, तो भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मागच्या आसावर नेमके टाकलेले, स्वतः चालत येऊन बसणारे व वर भाडे देणारे वाळूचे पोते असते. मागे फार वजन झाले तर पुढची चाके हलकी पडून स्टेअरिंग बधिर होते, हाही धोका चालकांनी ओळखलेला होता. म्हणूनच पुढच्या बाकावर डाव्या अंगाला तिघे आणि चालकाच्या उजव्या अंगाला एक, असा समतोल साधला जाई, ज्यात चालक स्वतःच गाडीतला सर्वांत परका माणूस भासे. वाळूच्या पिशवीपेक्षा या पद्धतीचे श्रेष्ठत्व गाडी फसल्यावर सिद्ध होते. पिशवी डिकीतच बसून राहते. काळी-पिवळीतला भार खाली उतरतो, धोतर किंवा पँट गुडघ्यापर्यंत वर घेतो, धक्का देतो, अंगावर उडालेला गारा पुसतो आणि पुन्हा मागे जाऊन बसतो. पिशवीच्या बाजूने बोलायचे तर एवढेच, की ती फाडून वाळू चाकाखाली टाकता येते. प्रवाशांच्या बाबतीत हा प्रयोग झाल्याची नोंद नाही.

फसलेल्या गाडीत आणखी एक गंमत घडते, तिचे श्रेय डिफरन्शियल या यंत्रणेला जाते. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर तोडावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची ही जुळणी मागच्या आसाच्या मध्यभागी, त्या लोखंडी गोल डब्यात, बसविलेली असते. सरळ संसारात ती उत्तम काम करते. पण एक चाक चिखलात आणि दुसरे घट्ट मुरमावर असेल, तर चिखलातले चाक जेवढे बळ पचवू शकते तेवढेच घट्ट जमिनीवरच्या चाकाला मिळते, आणि फिरण्याचा सगळा आनंद एकटे चिखलातले चाक लुटते. ज्याच्याकडून काम होणार नाही त्याने गरगर फिरावे, आणि ज्याच्याकडून होईल त्याने हात बांधून बघत राहावे, अशी ही रचना ज्या अभियंत्याने केली त्याला एखाद्या सहकारी संस्थेच्या संचालक मंडळाचा अनुभव असावा असे वाटते. उपाय जुना आहे: फिरणाऱ्या चाकाखाली तुराट्या, पऱ्हाटीची खाटी, बारदाना, फाटकी सतरंजी, जे हाती लागेल ते घालावे. वऱ्हाडात तूर आणि कापूस पिकतो याचे हे एक दुर्लक्षित कारण आहे. अडचण इतकीच, की तुराट्या वाळतात उन्हाळ्यात आणि गाडी फसते पावसाळ्यात, तेव्हा त्या चुलीत जाऊन चुकलेल्या असतात.

निसरड्यावर वाहनाचे मागचे अंग एका बाजूला सरकू लागले तर स्टेअरिंग त्याच बाजूला हळूच वळवावे, प्रवेगकावरचा पाय सावकाश उचलावा आणि ब्रेकला हात लावू नये (पाय तर नाहीच), असे शास्त्र सांगते. हे शास्त्र बर्फाच्या प्रदेशातील चालक मोकळ्या मैदानात एकट्याने घोटून घेतात. वऱ्हाडात एकांत नावाची सोय नाही. गाडी अर्ध्या क्षणापूर्वी निर्मनुष्य वाटणाऱ्या रस्त्यावर आडवी होताच तुरीतून, बांधाआडून आणि निंबाच्या झाडाखालून पाच-सात मार्गदर्शक प्रकट होतात, आणि त्यांच्यात मतैक्य नसते. एक म्हणतो, “रेस नोको देऊ भाऊ, हाफ क्लचवर घे.” दुसरा म्हणतो, “अबे दे ना रेस, काहून भेतं?” तिसऱ्याचे मत “पयले मांगं घे, मंग पुढं” असे असते, आणि चौथा, जो सर्वांत वयस्क असतो, तो फक्त एवढेच विचारतो, “इकडून कायले आणली बाप्पा गाडी?” या चारही वाक्यांत तथ्य आहे. पहिले वाक्य तर बर्फावरच्या वाहनचालनाचे सार आहे, कारण बलदंड इंजिनाच्या गाडीला निसरड्यावर बळ कमी पडत नसते, ते जास्त होत असते. चाक एकदा घसरून फिरू लागले की ते खड्डा खणण्याचे यंत्र बनते, आणि साडेतीनशे अश्वशक्तीचे यंत्र आसापर्यंत खणायला फार वेळ घेत नाही. चौथे वाक्य मात्र शास्त्राच्या पलीकडचे आहे.

दुचाकीची गोष्ट निराळी, कारण काळी माती तिला घसरवण्यावर समाधान मानत नाही, तर थांबवून दाखवते. चिकट चिखल टायरला लपेटत जातो, टायर आणि मडगार्ड यांच्यातील बोटभर जागा भरून काढतो, आणि पाऊणशे पावलांत चाक पूर्ण जाम होऊन उभ्या उभ्या गोठते. मडगार्ड या शब्दाचा अर्थ चिखलापासून रक्षण करणारा असा समजला जातो. शिवाराच्या वाटेवर तो चिखलाचे रक्षण करणारा ठरतो. अनुभवी शेतकरी पावसाळा लागण्यापूर्वी पुढचे मडगार्ड काढून घरी ठेवतो, किंवा हँडलला एक काडी बांधून ठेवतो, जिने थोड्या थोड्या पावलांवर माती खरवडता येते. चप्पल घालून चालणाऱ्याच्या पायाखाली हीच माती थरावर थर देत जाते. मनुष्य वावरात शिरताना असतो त्यापेक्षा बांधावर पोचताना चार बोटे उंच झालेला असतो आणि मग एका पायाची चप्पल निघून अचानक तिरपा होतो.

रेल्वेनेही या विषयात आपली भर घातली आहे. मूर्तिजापूरहून एका अंगाला यवतमाळ आणि दुसऱ्या अंगाला अचलपूर अशी धावणारी शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत असे. लोखंडावर लोखंड फिरविताना पकड मुळातच थोडी असते, आणि रूळ भिजले की ती आणखी घटते. म्हणून वाफेच्या इंजिनांवर वाळूची पेटी ठेवण्याचा आणि चाकापुढे बारीक धार सोडण्याचा रिवाज होता. शकुंतलेचा वेग पाहता तिला घसरण्याची घाई कधी झाली असेल असे वाटत नाही.

आता डांबराकडे वळावे लागेल, कारण वऱ्हाडाने या बाबतीत जगाला मागे टाकले आहे आणि हे वाक्य विनोदाने लिहिलेले नाही. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, लोणी ते माना या टप्प्यात, १०५ तास ३३ मिनिटे अखंड काम करून ७५ किलोमीटर लांबीची एकपदरी डांबरी पट्टी, म्हणजे दुपदरीच्या हिशेबाने साडेसदतीस किलोमीटर रस्ता, घातला गेला आणि त्याची गिनीज पुस्तकात नोंद झाली. त्यापूर्वीचा विक्रम कतारचा, सव्वापंचवीस किलोमीटरचा होता. अशा रस्त्यावर मस्टँगसारखी गाडी, जी २०१६ पासून काही वर्षे भारतातही अधिकृतपणे विकली गेली, आपल्या स्नायूंचे यथेच्छ प्रदर्शन करू शकते. प्रश्न साइडपट्टीचा आहे. साइडपट्टी म्हणजे डांबराच्या कडेची कच्ची पट्टी, जिथे समोरून आडवा आलेला ट्रक, रस्त्यात बसलेली म्हैस किंवा ‘इथं मोसंबी चांगली आहे’ ही सौभाग्यवतीची सूचना यांपैकी कोणत्याही कारणाने उतरावे लागते. जागतिक विक्रम आणि शंभरात तीन गुण यांच्यात तेथे एका पांढऱ्या रेषेचे अंतर असते, आणि डावी चाके ती रेषा ओलांडून भिजल्या मातीवर गेली की गाडी डांबरावर परत येण्याचा विचार करीत आडवी आडवी चालू लागते.

महामार्ग सोडून आत गेले की पांदण लागते. पांदण म्हणजे गावातून शिवारात जाणारी, दोन्ही बाजूंच्या वावरांपेक्षा बहुधा खोल गेलेली वाट, जी उन्हाळ्यात धुळीची आणि पावसाळ्यात पाण्याची असते. तिच्यासाठी शासनाने योजना केल्या, त्यांतली मातोश्रींच्या नावाची २०२१ ची योजना ठळक. काही पांदणींवर मुरूम पडला आणि काही कागदावर सुकल्या. पांदण बंद पडली की वाहने धुऱ्यावरून जाऊ पाहतात. पुस्तकी मराठीत धुरा ही वाहण्याची वस्तू आहे, हिंदीत तो गाडीचा आस आहे, आणि वऱ्हाडात मात्र धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, ज्याच्या एका वितीसाठी तीन पिढ्या तारखेला जातात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १४३ नुसार हद्दीवरून वाट मिळविण्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. घसरणाऱ्या बोलेरोच्या मागच्या अंगाला हे कलम वाचण्यास वेळ नसतो, ते अर्जाशिवायच शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये शिरते, आणि मग पकड, भार व डिफरन्शियल यांची चर्चा मागे पडून दुसरीच सुरू होते. वऱ्हाडच्या याच मातीवर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने आडगावची लढाई २९ नोव्हेंबरला दिली आणि गाविलगड १५ डिसेंबरला घेतला. इतिहासकार याचे श्रेय त्याच्या डावपेचांना देतात. तोफा ओढणाऱ्या बैलांच्या मते महिना महत्त्वाचा असावा.

बैलांकडे शेवटी यावेच लागते. चिखलात रुतलेली मोटार काढायला ट्रॅक्टर बोलावतात. ट्रॅक्टरही मागच्याच चाकांचा असल्याने तो कधीकधी तिच्याशेजारी तितक्याच खोलीवर स्थानापन्न होतो, आणि दुसऱ्या ट्रॅक्टरचा मालक हे दृश्य पाहून आपल्या वाहनात डिझेल नसल्याचे सांगतो. मग कोणीतरी जोडी आणतो. जू मानेवर, साखळी मोटारीच्या पुढच्या हुकात, आठ पाय चिखलात, आणि जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचा एक दीर्घ हुंकार एवढ्या सामग्रीवर दीड टनाची गाडी बाहेर येते. तिचा मालक आभार मानताना बैलांकडे नव्हे, धुरकऱ्याकडे पाहतो. या व्यवस्थेत एकच खोट आहे. पोळा श्रावणी अमावास्येला येतो, म्हणजे माती वर्षभरात सर्वांत जास्त मुरलेली असते त्या सुमारास, आणि त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. सणाला घरी निघालेल्या पाहुण्याची गाडी नेमकी त्याच दिवशी पांदणीत बसते. दुपार कलली की शिंगे रंगवलेले, झुली घातलेले, गळ्यात घुंगरांच्या माळा असलेले बैल तोरणाखाली नेण्यासाठी त्याच वाटेने, कडेकडेने, तिच्या अंगावरून जातात, साडेतीनशे अश्वशक्तीची असो की साठ, ती मागच्या आसापर्यंत मातीत बसलेली असते, आणि पाहुण्याने हात जोडून विचारले तर जोडीचा मालक बैलाच्या पाठीवर हात ठेवून शांतपणे म्हणतो, “आज नाही ना भाऊ. उद्या येतो.”